आपल्या पायाने उतरता येईल अशी गाडी

४ जानेवारी, रविवार

वेळणेश्वरहून दत्तूमामांचा फोन येऊन गेला की सासूबाई गुडघ्याला तेल चोळत बसतात. आजही तेच. स्पीकर चालू होता म्हणून ऐकू आलं. "ये गो बाय एकदा. मी काय आता खाट सोडून रत्नागिरीला येत नाय." आईंचं, म्हणजे त्यांच्या बहिणीचं, उत्तर ठरलेलं: "येतंय रे. गुडघा जरा बरा होऊ दे."

गुडघा बरा होणार नाही, दोघांनाही माहीत आहे. ऑपरेशनला आईंचा साफ नकार. पण खरी अडचण आमच्या बुटक्या गाडीची. आई बसतात कशाबशा, उठता मात्र येत नाही. मागच्या मे महिन्यात मामांच्या दारात भाच्यांनी बगलेत हात घालून बाहेर ओढलं. लुगडं गुडघ्यावर. मामा तेव्हा ओट्यावर बसत होते. त्यांनी मान वळवली. ओढलेलं नाही, ते मान वळवणं लागलं आईंना. त्यानंतर गेल्याच नाहीत.

मिरकरवाड्यात उभा जन्म मासळी विकली या बाईने. टोपली डोक्यावर घेताना कधी कुणाचा हात लागू दिला नाही म्हणतात.

नवरा, प्र., मुंबईहून फोनवर: "उंच गाडी घेऊ. नवी घेऊ. तू बघून ठेव." 'बघून ठेव' म्हणजे ठरवून ठेव. आणि पुढे काही बिघडलं तर 'तूच ठरवलीस'.

७ जानेवारी, बुधवार

दुपारी चष्म्याचं दुकान बंद ठेवून शोरूमला. पाहिली.

काय गाडी आहे! दार लावलं तर नुसतं धप्प. पत्र्याचा आवाजच नाही. स्टिअरिंगमागे बसल्यावर बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात. आमच्या गाडीत नाक कुठे संपतं याचा मी आठ वर्षं अंदाजच करते आहे. आरे-वारेच्या चढावर नेली. गिअर बदलायचा नाही, नुसता पाय ठेवायचा. वळणावर अंग कलत नाही. वर पोचून खाली समुद्र दिसला तेव्हा शेजारी बसलेली सायली (शोरूममधली मुलगी, पालीची) काही बोलली नाही. विक्रीच्या माणसाने नेमक्या वेळी गप्प बसणं हीसुद्धा कलाच आहे.

ज्याने कुणी ही गाडी कागदावर काढली, त्याने आपले रस्ते पाहिले असणार.

१० जानेवारी, शनिवार

तरी जुन्याही बघाव्यात म्हणून हातखंब्याला. सेकंडहँडवाला: "ताई, डॉक्टरची गाडी. घाटावरची. खारा वारा माहीत नाही हिला." मॅट उचलली तर खाली वाळू. डॉक्टर समुद्रात प्रॅक्टिस करत असावेत.

प्र. फोनवर हसला. "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं."

११ जानेवारी, रविवार

आईंना रिक्षाने शोरूमला नेलं. रिक्षात त्या छान बसतात, पण वेळणेश्वरपर्यंत रिक्षात कंबर टिकायची नाही.

नव्या गाडीची सीट अगदी बेताची उंच. बूड टेकलं. पाय मात्र आत येईनात. दाराखालची पट्टी रुंद आहे, तिच्यावरून गुडघा वळत नाही. एक पाय आत, एक बाहेर. आई म्हणाल्या, "गाडीला पण उंबरठा घातलान!" सगळे हसले, त्याही हसल्या. मला त्यांचा हात दिसत होता. दाराची कड धरली होती, बोटं पांढरी.

सायली जमिनीवर उकिडवी बसून त्यांचं पाऊल बघत होती. उठून म्हणाली, "काकी, खोटं नाही सांगत. या दारातून तुम्हाला त्रास होईल. मी विचार करते काहीतरी." टार्गेट असलेली मुलगी हे बोलते. हिचं कौतुक तिच्या साहेबाला सांगितलं तर तिलाच महागात पडेल.

परत येताना रिक्षात आई: "तुला आवडली ना गो?"
मी: "बरी आहे."
आई: "बरी! बशीतल्या सुरमईकडे बघावं तसं बघत होतीस."

१३ जानेवारी, मंगळवार

दिवसभर गिऱ्हाइकाला काचा बदलून विचारते, हे स्पष्ट की ते? स्वतःला विचारायची वेळ आली की दोन्ही धुरकट.

खरं काय? गाडी कुणासाठी बघते आहे? आईंसाठी, असं सगळ्यांना सांगते. पण त्या दिवशी त्यांचा पाय अडकला तेव्हा वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी, की आता ही घेता येणार नाही म्हणून? दोन्ही. किती भाग कुठला, हे तपासायला माझ्या दुकानात यंत्र नाही.

माझी पहिली सायकल ताईची, स्कूटर मावसभावाची, गाडी प्र.च्या मित्राची. कोरी वस्तू चालवावी असं वाटणं गुन्हा नाही. इतकंच, की त्याला आईंचं नाव देऊ नये.

१८ जानेवारी, रविवार

लांजा. दुकानात नेहमी येणाऱ्या एका बाईंनी सांगितलं होतं, तिथले काजूवाले शेट्ये गाडी विकायला काढतायत, माणूस सरळ आहे. एकटीच गेले.

तीन वर्षांची, नव्या गाडीच्याच मापाची. राखी रंग. शेट्येकाका साठी ओलांडलेले. मी वही काढायच्या आत म्हणाले, "आधी गाडीत खोट काय ती सांगतो. मागचा बंपर गोठ्याच्या खांबाला लागलाय, रंगवून घेतलाय. एसी चढाला दमतो. डावीकडचा स्पीकर खरखरतो. आता चांगलं तुमचं तुम्ही बघा." मी बघितलंही. खाली वाकून, टॉर्च मारून. गंज नाही. खोट मात्र त्यांनी सांगितली तेवढीच.

मग त्यांनी डावं दार उघडलं. आणि मी बघतच राहिले.

दाराच्या पुढच्या खांबाला आतून पक्का दांडा, गॅरेजमध्ये खास बसवून घेतलेला. सीटवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा शिवलेला: कडेला टेकायचं आणि नुसतं गोल फिरायचं, रेशमावर अंग आपोआप वळतं. आणि फणसाच्या लाकडाचा एक ठोकळा, वर काथ्या ठोकलेला, एका बाजूला दोरी. त्यावर पाय ठेवून चढायचं आणि दोरीने ठोकळा ओढून आत घ्यायचा. स्वतःचा स्वतः.

"हे कुणी केलं?"
"हिच्यासाठी केलं. हिचे पण गुडघे." मग घराकडे न बघता: "आता बसत नाही ती. दीड वर्ष झालं. कुठेच येत नाही. म्हणते, माणसं बघतात. मग दारात उभी ठेवून काय करू?"

काकू खिडकीत होत्या. हात केला. मीही केला.

काका म्हणाले, "तुमची गाडी इथे राहू दे, माझी घेऊन जा. सासूबाईंना हवं तिथे न्या, मग ठरवा." मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नेते. अनोळखी माणसाने इतका विश्वास टाकला की रात्री आपलाच आपल्याला संशय येतो: आपण दिली असती?

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी गाडी आणली. घरापुढच्या खळ्यात लावली. आईंना दाखवली आणि मी मुद्दाम लांब उभी राहिले.

डावा पाय ठोकळ्यावर. हात दांड्यावर. क्षणभर तशाच. मग वर. टेकल्या. आणि फिरल्या, खरंच फिरल्या, जात्यासारख्या. दोन्ही पाय आत. दोरी ओढली, ठोकळा पायाशी. पुन्हा उतरल्या. पुन्हा चढल्या. चार वेळा. नंतर मी मोजायचं सोडलं.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून: "काय ओ काकी, ड्रायव्हिंग शिकताव काय?"
आई: "शिकतंय. तुला सोडू काय माहेरी?"

२५ जानेवारी, रविवार

जयगडहून फेरीबोटीने तवसाळ. बोटीच्या फळीवर चढताना आमच्या गाडीचं पोट दर वेळी घासतं आणि तेवढ्यापुरते सगळे श्वास धरतात. ही अलगद चढली. माझं सवयीने "आई गं" निघून गेलं, ते वाया.

एसी चढाला दमतो हे खरं. स्पीकर खरखरतो हेही खरं. दोन्ही वेळा शेट्येकाकांची आठवण झाली. खोट कळून घेतलेली वस्तू वापरताना राग येत नाही.

वेळणेश्वर. मामांची खाट खिडकीशी. भाचे धावत आले. आईंनी आतूनच दरडावलं, "लांब राहा रे! कोण हात लावील त्याला बघते!" दार उघडलं. ठोकळा खाली सोडला. फिरल्या. पाय ठोकळ्यावर, मग मातीत. पदर सारखा केला. सरळ उभ्या.

खिडकीतून मामा: "बाय, विमान घेतलंस काय गो?"

आत गेल्यावर दोघं बराच वेळ एकमेकांना शिव्याच देत होती. मामा बारीक झालेत फार. हात सुकलेले. आईंनी स्वतः भाताचे घास भरवले. निघताना मामांनी खिडकीतून सगळं बघितलं: दांडा, फिरणं, दोरी. या वेळी मान वळवली नाही.

बोटीवर आई म्हणाल्या, "पंधरा दिसांनी परत येऊ." विचारलं नाही, सांगितलं.

प्र.ला फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, "मग तीच घे ना." लगेच: "एसी करून घेऊ."

२६ जानेवारी, सोमवार

गाडी परत द्यायला लांज्याला. आई म्हणाल्या, "मी पण येतंय, ज्याची वस्तू त्याला चांगलं सांगावं." वाटेत मी म्हटलं, येताना आपल्या बुटक्या गाडीतून यावं लागेल, उतरताना मला ओढावं लागेल. "तर ओढ. दत्तूच्या दारात नको होतं. आपल्या दारात तू ओढलंस तर काय झालं?"

हे ऐकून गाडी थोडी हळू केली. कारण इथे लिहीत नाही.

लांज्याला आई आत काकूंपाशी गेल्या. आम्ही बाहेर व्यवहाराचं बोलायचं ठरवून काजूचंच बोलत राहिलो. आतून आधी कुजबुज, मग हसू. काका बोलता बोलता थांबले. "ही हसतेय," म्हणाले.

मी म्हटलं, आठवड्यात पक्कं सांगते. मनात पक्कंच होतं. तिथेच का सांगितलं नाही? नवी गाडी अजून डोक्यात होती म्हणून. कबूल.

घरी येऊन डिकी उघडली तर आत फणसाचा ठोकळा. लांज्याला आईंनी उतरताना वापरला आणि मी सवयीने आमच्याच गाडीत टाकला.

२९ जानेवारी, गुरुवार

शेट्येकाकांचा फोन. "ठोकळा तुमच्याकडे राहिला का हो?" हो म्हटलं, माफी मागितली. मग ते अडखळले. "तसं नव्हे. हिला हवाय. काल स्वतःच गाडीचं दार उघडून उभी होती. तुमच्या सासूबाईंनी काय सांगितलान तिला कोण जाणे." पुढे: "विकायचं जरा थांबतो. रागावू नका."

"छे, छे," म्हटलं. पण फोन ठेवल्यावर आलाच राग. होकार त्या दिवशी तिथेच दिला असता तर गाडी आपली होती. मग लाज. दीड वर्षांनी एक बाई गाडीच्या दाराशी उभी राहिली, आणि मी माझ्या उशिराचा हिशेब करते आहे.

आईंना विचारलं, काय सांगितलंत काकूंना?
"काय सांगणार? म्हटलं, माणसं बघतात ते खरं. बघू दे म्हटलं. आपण आपल्या पायाने उतरलो की बघण्यासारखंच असतं."

संध्याकाळी सायलीचा फोन. डेमो गाडी शनिवारी घरी आणते म्हणाली. "काकींसाठी एक पायरी शोधलीय." मी तिला ठोकळा, रेशीम, दांडा सगळं सांगितलं. तिने लिहून घेतलं. दांडा बसवता येतो का ते विचारून सांगते, त्या खांबात एअरबॅग असेल तर नाही.

म्हणजे नवीही जमेल कदाचित. ठोकळा हाती आहे तोवर शनिवारी बघून घेता येईल, परवापर्यंत ठेवायचा एवढंच तर. आईंना तसं म्हटलं.

"पहिला लांजा," आई म्हणाल्या. "ती बाई उभी हाय."

३० जानेवारी, शुक्रवार

सायलीला डेमो रविवारवर ढकलायचा मेसेज केला. निघण्याआधी ठोकळ्याचं माप घेतलं, सुतारासाठी; रविवारपर्यंत आपला ठोकळा व्हायला हवा. विचारून घ्यायला हवं होतं का? लांज्याला पोचल्या पोचल्या सांगून टाकलं. काका म्हणाले, "फणसाचाच करा. सागाचा सरकतो."

काकू नेसून तयार होत्या. चेहरा घाबरलेला. आईंनी ठोकळा खाली ठेवला आणि मागे सरल्या. हात पुढे केला नाही. मला वाटत होतं करावा. काकूंनी दांडा धरला, सोडला, धरला. चढल्या. फिरल्या. दोरी ओढली.

काका म्हणाले, "बाजारापर्यंत जाऊन आलोच. चहा घ्या तोवर."

राखी गाडी फाटकातून निघाली, रस्त्याला लागली, वळणावर गेली. मागून किती डौलदार दिसते ते आज कळलं. इतके दिवस आतूनच बघत होते.

चहा झाला. पुन्हा झाला. शेवटी काकांचा फोन: "ही म्हणते, आता निघालोच आहोत तर पुढे जाऊया. तुम्ही थांबताव काय?"

आई ओट्यावर पाय पसरून बसलेल्या. "कुठवर गेली?"

माहीत नाही म्हटलं.

"जाऊ दे," म्हणाल्या. "चांगली गाडी हाय."