झाकण

मंगळवार, उन्हं चढायच्या आत

अगं ऐकलंस का,

मी इकडे बरा आहे, तूही लेकीकडे बरी असशील. असशील ना? फोन करू नका म्हणालीस, पत्राचं काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहितो.

पत्रास कारण की कुसकुस.

जाताना पिशवी भरत होतीस तेव्हा सांगितलंस, उन्हाळ्यात शेगडीपाशी घाम गाळू नका, डब्यातली कुसकुस, ती रव्याच्या बारीक गोळ्यांसारखी, संपवा. एक वाटी दाणे, एक वाटी उकळतं पाणी, मीठ, तेलाचा थेंब, वर झाकण. "आणि अहो, मध्येमध्ये उघडून बघू नका." एवढंच. सोपं आहे म्हणालीस. तुला सगळंच सोपं वाटतं.

पहिल्या दिवशी पाणी ओतलं, झाकण ठेवलं. पण आत काय चाललंय ते कळायला नको? उघडलं. परत ठेवलं. परत उघडलं. तेवढ्यात खालचा शिंपी तुझ्या ब्लाउजचं माप विचारायला वर आला. त्याला एक घास दिला. दातांत कचकच वाजली. म्हणाला, "आजोबा, ही कुसकुस नाही, कुरकुर आहे. करणाऱ्यासारखीच झालीय." हसलो मी. काय करणार, ब्लाउज त्याच्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशीही तेच. झाकण काचेचं असतं तर बरं झालं असतं.

टाके दुखतात का? गोळ्या जेवणानंतर घेतेस ना? लेक निघताना जिन्यात मला म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी आईला झोप सांगितलीय, पहारा नाही." तिला काय माहीत? ऑपरेशन झाल्यापासून तू झोपेत श्वास इतका हळू घेतेस की छाती हलते का नाही ते दिसत नाही. नाकाखाली बोट धरलं तर काय बिघडलं? तू जागी होतेस हे खरं. प्रत्येक वेळी होतेस हेही खरं. "अहो, मेले तर सांगेन तुम्हाला, आता झोपू द्या," असं म्हणाली होतीस. मला त्याचं हसू आलं नाही.

तर कुसकुस. काल पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि सरळ जिना उतरून शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. जीव वर टांगलेला. तो म्हणाला, "आजोबा, गॅस चालू राहिलाय का?" म्हटलं नाही, बघायचं नाहीये. त्याने विचित्र नजरेने पाहिलं, पण चहा दिला. सबंध कप प्यायलो, तोही बशीत न ओतता.

वर येऊन उघडलं तर एका वाटीच्या दोन वाट्या झालेल्या! दाणा न् दाणा सुटा. काट्याने मोकळी केली, गार होऊ दिली. काकडी होती, अर्धा कांदा होता, एक टोमॅटो मऊ पडला होता तोही चिरला. उकडलेले हरभरे उरले होते ते घातले, लिंबू पिळलं. घरात जे असेल ते चालतं त्यात, काही विकत आणावं लागत नाही. दुपारी खाल्ली, उरलेली संध्याकाळी गारच. चव तुझ्या हाताची नाही, पण कुरकुर नव्हती.

हे तुला का सांगतोय ते तुला कळलं असेल. तुला माझ्याआधीच कळतं.

मी बाहेरच्या खोलीत गादी टाकली आहे. निजूनही पाहिलं, पाठ दुखत नाही. तू आलीस की आतली खोली तुझी एकटीची. आणखी थोडं राहावंसं वाटलं तर राहा, लेक बघते आहेच. पण येणार आहेस एवढं कळव. उत्तर सवडीने दे. म्हणजे याच आठवड्यात.

आल्यावर रात्री खोलीचं दार लोटून घेतलंस तरी चालेल. मी उघडणार नाही.

कडी तेवढी लावू नकोस.

तुझा,
अहो