मिशीवाल्याचा सिनेमा आणि माझी साक्ष

रविवार, ९ ऑगस्ट

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. यांचा हात आता पहिल्यासारखा वर जातो. प्लास्टर मीच कापलं. फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे, म्हणून पत्र. चौदा तारखेला कोर्टात तुझ्या केसमध्ये माझी साक्ष आहे. त्याबद्दल खाली लिहिते, आधी सिनेमा.

मिशीवाल्याचा नवा तमिळ सिनेमा शुक्रवारी लागला. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ चुकवायचा नाही ही आपली शाळेपासूनची शपथ, म्हणून रजा टाकून एकटीच गेले. कानात अर्थ सांगायला तू नव्हतास, तेव्हा खालची अक्षरं वाचावी लागली. दादा, तू सांगायचास ते संवाद कितीतरी चांगले असायचे. निम्मे तू पदरचे घालायचास, लबाडा, हे आत्ता कळलं.

सिनेमा कसा आहे ते मला धड सांगता येत नाही. नाचतो अजून झकास. मिशी रंगवलेली कळते. गुडघे गेले असावेत, तो जिना चढायला लागला की कॅमेरा भलतीकडेच बघतो. मारामाऱ्या ढिगाने आहेत. पण बारा वर्षं हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये काढली ना, तो एकेकाला आपटत होता तेव्हा मी मनात म्हणत होते, याला सहा आठवडे, याला आठ, याला सळी घालावी लागणार. शिट्टीसाठी तोंडात बोटं घातली होती, ती तशीच काढली. वाईटसुद्धा वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. चहा गार होता हे पिऊन झाल्यावर कळतं.

मध्यंतरानंतर त्याच्या बहिणीची गोष्ट येते. नवरा तिला मारत असतो. मिशीवाला दार तोडून घुसतो आणि मेव्हण्याचा हात मोडतो. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. बहीण धावत जाऊन भावाच्या गळ्यात पडते.

मी नाही पडले. मी पोलिसांत जाऊन सांगितलं की तू दारू पिऊन आलास आणि काही कारण नसताना यांचा हात मोडलास. दारूच्या वासालाही उभा न राहणारा माणूस तू. यांनी पढवलं तसं बोलले. आताही रोज जेवताना माझ्याकडून तो जबाब म्हणवून घेतात. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी माझ्या हातावरचं प्लास्टर बघून तू विचारलंस, तेव्हा मी जिन्यावरून पडले म्हणाले. तुला ते पटलं नाही, म्हणून तर तू यांच्यावर धावून गेलास. जिन्यावरून पडताना माणूस हात टेकतो, मनगट मोडतं. डोक्यावरचा मार अडवायला हात वर धरला, तर कोपर आणि मनगटाच्या मधलं हाड मोडतं. हे मी नव्या मुलींना शिकवते. माझं मधलं मोडलं होतं. एक्स-रेवाल्या ताईंनी गुपचूप फोटो काढून दिला. डॉक्टरांना दाखवायला नको म्हणून डाव्या हाताला प्लास्टर माझं मीच घातलं, एका हाताने. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जिना'. हाड वाकडं जुळलंय.

काल तो फोटो तुझ्या वकीलबाईंकडे देऊन आले. चौदाला खरं काय ते सांगणार आहे. आधीच्या जबाबाबद्दल माझ्यावरही खटला होऊ शकतो म्हणाल्या. होऊ दे. घरी त्याला अजून पत्ता नाही. तेरा तारखेला ड्यूटीवरून परत घरी जायचं नाही, थेट एक्स-रेवाल्या ताईंकडे राहायचं ठरलंय.

माफी इथे मागत नाही, कागदावर ती फार स्वस्त पडेल. कोर्टात तू माझ्याकडे बघायलाच हवंस असंही नाही. पण ऐक. सिनेमातल्या त्या बहिणीला सबंध तीन तासांत एकही वाक्य दिलेलं नाही, नुसती रडते. मला रडू येत नाही. मी बोलेन.

तुझ्यावर खोटा आळ घेतलेली,
तुझीच
बारकी