तीन महिने कुणाला सांगायचं न्हाई

पिंपरी पेंढार
८ जून १९९८

चि. सौ. अश्विनीस आजी साळुबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझ्या सासूबाई लंकाबाई आल्या, मागून व्याही हौशीराम, बेल्ह्याचा बैलबाजार उरकून. लंकाबाईंनी मला चुलीपाशी ओढून कानात सांगितलं, सुनेला दिवस गेलेत, पण तीन महिने भरंपर्यंत कुणाला कळू द्यायचं न्हाई, डाक्टरलासुदीक! मला लई आनंद झाला, दूध उतू गेलं तरी ध्यान न्हाई. मग आठवलं. तुझ्या काळजात नकली झडप बसवली तवा उशापाशी मीच व्हते. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्या, पण दिवस गेले की आधी आमाला सांगा, ती पोटातल्या बाळाला बाधती, आसं डाक्टर दोनदा म्हणले व्हते. इसरलीस का लाजतीस? उद्याच जा. गोळी मनानं बंद करू नको, झडपंवर रक्त गोठंल.

ही चिठ्ठी कुरडयांच्या पिशवीत तळाला घातलीय. सासूबाईच आणून देतील. त्यांना वाचता येत न्हाई, बरंय!

तुझ्यापायी जीव टांगलेली,
आजी

मंचर
१३ जून १९९८

ती. आजीस सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. सासूबाईंनीच पिशवी हातात दिली! लाजलेच होते गं. वाटलं, महिना-दीड महिन्यानं काय होतंय. दुसऱ्याच दिवशी ह्यांच्यासोबत गेले. सहावा आठवडा. डॉक्टर जाम रागावले. म्हणाले, ह्याच दिवसांत त्या गोळीनं बाळाचं नाक, हाडं बिघडू शकतात, पुढे मेंदूत रक्तस्रावाचीही भीती. आता गोळीऐवजी सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शन. ते बाळापर्यंत पोचत नाही. आधीच्या गोळ्यांनी काही झालंय का, ते पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत दिसेल. तोवर झोप नाही.

सुई दिसली की सासूबाई ओट्यावर पळतात आणि तिथूनच विचारतात, डॉक्टरकडे जायचं कुणी शिकवलं. मी तुझ्या कुरडया तळायला घेते.

अशीच माया असू दे,
अश्विनी

पिंपरी पेंढार
१४ सप्टेंबर १९९८

चि. सौ. अश्विनीस आशीर्वाद. वि. वि.

आज लंकाबाई अन् व्याही तुझ्या सोनोग्राफीचा फोटो घिऊन आले. मला त्यात ढगच दिसले. पण नाक, हाडं, पाठीचा कणा समदं जाग्यावर हाय म्हणल्यावर पदरात तोंड घालून रडले बघ. लंकाबाई म्हणत्यात, नाक त्यांच्या माहेरचं. मी म्हणलं, कुणाचं बी असू दे, हाय हेच लई. सगळ्या आळीला फोटो दावून आल्या.

मग मी चिठ्ठीचं कबूल केलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, डोळं वटारलं, मलाच पोस्टमन केलं व्हय म्हणल्या अन् जी हसाया लागल्या! व्याह्यांना ठसकाच लागला.

बाळंतपणापर्यंत रक्ताच्या तपासण्या अन् सुया हायेतच. सुईपाशी बसाया धीराचं माणूस पायजे, आन् आपल्याच्यानं ते व्हत न्हाई, आसं लंकाबाई सोताच म्हणल्या. येत्या सोमवारी दोघं मला मंचरला न्यायला येतो म्हणलेत.