राधाकिशन चेअरमननी धरलेला टार्पन

वडवणी, वैशाख

तीर्थस्वरूप अर्जुनमामांस आसारामचा साष्टांग दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा, मामींनाही नमस्कार सांगा. इकडं सगळे ठीक. आठ दिवसाला एक टँकर येतो, त्यामुळं घरातला आंघोळीच्या नंबरचा वाद कायमचा मिटला आहे.

आमच्या मच्छीमार सोसायटीचा मी सचिव, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तळं दोन वर्षं कोरडं (सभासद त्यात कबड्डी खेळतात). अशात तपासणीच्या साहेबांचा कागद आला, की पंधरा दिवसांत एक तरी जिवंत मासा दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. आमचे चेअरमन राधाकिशन म्हणले, "मासा कोकणात हाय. चला."

तिथं खाडीत पुण्याचे एक म्हातारे डॉक्टर भेटले. टार्पन नावाचा मासा गळाला लावायचा, दमवायचा आणि परत सोडून द्यायचा, हा त्यांचा छंद. (मी दोनदा विचारलं. सोडूनच देतात.) त्यांनी आम्हाला होडीत घेतलं आणि चेअरमनच्या हातात गळाची काठी दिली. मासा हातभरच, पण लागला तसा पुरुषभर उंच उडाला. चेअरमन काठीसकट खाडीत गेले. धोतर वर तरंगलं, पण काठी सुटली नाही.

काठावर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता सोडा त्याला."

चेअरमन चिखलात माशाला पोटाशी धरून बसले होते. म्हणले, "सायेब, ह्यालाच सोडलं तर आमी धरावं काय?"

डॉक्टर चिखलातच चेअरमनशेजारी बसले. मग त्यांनीच सांगितलं, की हा मासा गोड्या पाण्यात जगतो, वर येऊन हवाही गिळतो. पिंपसुद्धा त्यांनीच दिलं.

एसटीत कंडक्टरनं पिंपात पाहून विचारलं, "हे कोण?" मी म्हणलं, "सभासद." त्यानं अर्धं तिकीट फाडलं. शेजारची जानकीबाई नावाची म्हातारी मात्र, मासा तोंड वर काढील तसं, "लई तहानलंय लेकरू," म्हणत आपल्या तांब्यातलं पाणी पिंपात ओतत राहिली. घोटभरही तिला उरलं नाही.

सोमवारी साहेब आले, पिंपात वाकले, मासा उडाला. भिजल्या हातानं त्यांनी लिहिलं, 'संस्था कार्यरत.'

थोरांना दंडवत, धाकट्यांना आशीर्वाद, शाई संपत आली.

आपला भाचा,
आसाराम

ता. क. पिंपात मासा फार दिवस राहत नाही. आणि पाणी टिकून असलेली विहीर आपल्या नात्यात तुमचीच.

पुन्हा ता. क. गुरुवारी तुम्ही नारायणगडाला गेलात तेव्हा आम्ही येऊन गेलो. विहिरीत कोणी श्वास घेतल्यासारखं वाटलं तर देवऋषी बोलावू नका.

शेवटची ता. क. चेअरमन म्हणतात, सोसायटीचा मासा जिथं, ते पाणी सोसायटीचं. म्हणून तुम्हाला सभासद करून घेतलं आहे. अर्जावर तुमची सही मीच केली आहे. नमुना सोबत जोडतो, तेवढी गिरवून ठेवा.