एकशेअठ्ठावीस पौंडांचे वॉफल

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रतिज्ञा झाली! डायनरच्या तोडीचे वॉफल मी याच गृही, स्वहस्ते निर्माण करीन. आत मऊ, फुगीर, बाहेर कुरकुरीत. तीस वर्षे पोरांना लॅटिन शिकवलेल्या गृहस्थास मैदा आणि अंडी यांचा अन्वय लागू नये, हे संभवत नाही.

कारण मात्र गंभीर. चौरस्त्यावरचे डायनर, म्हणजे गावाचे जुने न्याहारीगृह, नाताळानंतर कायमचे बंद झाले — वृद्ध ग्रीक मालक थॅनासिस फ्लोरिडास प्रयाण करता झाला. बाबा तिथे बेचाळीस वर्षे रोज सकाळी साडेसहाला वॉफल खात. आता वॉफल नाही, म्हणून काहीच नाही. कॉफी पितात आणि खिडकीबाहेरचा बर्फ पाहतात. वजन एकशेचोवीस पौंड.

आज मार्लिसचा फोन. माझी धाकटी भगिनी, व्यवसायाने परिचारिका, म्हणजे वादास वाव नाही. "दादा, एक मार्चला मी वजनकाटा घेऊन येतेय. एकशेअठ्ठावीस भरले नाहीत, तर बाबांना टेकडीवरच्या वृद्धनिवासात न्यायचं. डॉक्टरही तेच म्हणतायत."

बाबांना कळवले. उत्तर: "या घरातून मी जाईन तो चौघांच्या खांद्यावर. तिला सांग."

सांगितले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रथम प्रयोग. खोक्यातले तयार पीठ सर्वथा वर्ज्य! मैदा, बेकिंग पावडर, ताक, वितळलेले लोणी. अंड्यांतील पिवळे आणि पांढरे यांचा विच्छेद. पांढऱ्याचा फेस असा सिद्ध व्हावा की भांडे मस्तकावर पालथे धरले तरी ढळू नये, असे शास्त्रवचन आहे.

धरले. ढळला.

बाबा पेपरातून डोके वर न काढता — "आज केस धुतलेस?"

५ फेब्रुवारी, बुधवार

फेस स्थिर! पण अधीरतेने तापलेला दोन पात्यांचा साचा लवकर उघडला आणि वॉफलचे मधोमध विभाजन झाले. अर्धे वरच्या पात्यास, अर्धे खालच्या. नियम लिहून ठेवतो: साच्याच्या कडेने येणारी वाफ थांबेपर्यंत झाकणास स्पर्श करू नये.

बाबा: एक घास.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फर्नला शरण गेलो. एकतीस वर्षे डायनरमध्ये वाढपाचे काम केले तिने. आता औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसते. थॅनासिसच्या वॉफलच्या सुगंधाविषयी माझे तीन सिद्धांत होते. तिन्ही विस्ताराने मांडले. मागे रांग लागली.

"झालं तुझं, राजा? माल्टची भुकटी, मोड आलेल्या जवाची. मोठ्ठा डबा यायचा. वाटीभर मैद्याला दोन चमचे."

"आणखी काही गूढ?"

"आहे ना. वॉफल एकावर एक रचू नकोस, मऊ पडतात. जाळीवर ठेव. आता सरक बाजूला, मागच्या आजींना खोकल्याचं औषध हवंय."

८ फेब्रुवारी, शनिवार

युरेका! सुवर्णवर्ण, मेघसम लघू, घास तोडताच कुर्र असा ध्वनी! माल्टने जो गंध दरवळला, त्याने बाबा स्वतः होऊन टेबलाशी आले. मी समोर बसलो, वही उघडली, निरीक्षणास सिद्ध झालो. पहिला घास. दुसरा.

"काय झालं, बाबा?"

"पाकाला झाडाची चव येते."

व्हरमाँटहून मागवलेला शुद्ध मेपलचा पाक! "बाबा, तो झाडाचाच असतो."

"डायनरमध्ये नसायचा."

काटा खाली ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाण्याकडून सर्वांत स्वस्त पाक आणला, प्लास्टिकच्या बाटलीतला. झाडाशी त्याचा सुतराम संबंध नाही. बाबांनी चव घेऊन मान डोलावली. वहीत नोंद: घास तीन. चौथ्यासाठी मी त्यांच्याकडे आशेने पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग बशी हलकेच माझ्या दिशेने सरकवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एकशेतेवीस. घटले! मार्लिसला सांगितले, "प्रगती आशादायक." असत्य भाषण, परंतु डौलदार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फर्नला परीक्षक म्हणून पाचारण केले. तिने उभ्या उभ्या अख्खे वॉफल फस्त केले आणि बोटे चाटली. "थॅनासिसच्या वरताण आहे रे! कुणाला सांगू नकोस, मी असं म्हणाले म्हणून."

"मग बाबा का खात नाहीत?"

तिने टेबल पाहिले. समोरची खुर्ची पाहिली. मग माझी वही.

"तू इथे बसतोस? त्याच्या तोंडासमोर?"

"निरीक्षणार्थ."

"अरे माझ्या राजा! बेचाळीस वर्षांत तुझ्या बापाच्या, एमेटच्या समोर कुणी बसलेलं नाही. काउंटरवर सगळे एका रांगेत, तोंडं शेगडीकडे. दिसते ती थॅनासिसची पाठ. मी कप भरायची न विचारता, आणि पुढे जायची. एकटा आलेला माणूस काउंटरवर का बसतो? कुणी बघू नये म्हणूनच ना! तू तर बिचाऱ्याची परीक्षाच घेतोयस."

मी वही मिटली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टेबल हद्दपार. तळघरातले उंच स्टूल वर आणून ओट्याच्या बाहेरच्या अंगास मांडले. साडेसहाला बाबा आले, थबकले, स्टुलाभोवती एक फेरी मारली आणि बसले. मी बशी ठेवली, कप भरला, पाठ केली. वही नाही. प्रश्न नाही.

पाठ फिरवून उभे राहणे हे कर्म दिसते तितके सुलभ नाही. मी स्वच्छ साचा पुन्हा पुसला. पीठ निष्कारण ढवळले. मागे काटा बशीवर वाजला. थांबला. माझा चमचाही पिठात थांबला. एकशेतेवीस पौंडांचा बाप पाठीमागे बसला आहे आणि आपण वळायचे नाही! मग काटा पुन्हा वाजला. पुन्हा. मग पाकाची बाटली दाबल्याचा तो असभ्य आवाज.

बऱ्याच वेळाने — "दुसरं आहे का?"

"आहे," मी साच्याला म्हणालो. डोळे पुसले. वाफ फार होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रोज दोन! फर्न कामावर जाता जाता येते, शेजारी, तळघरातून आणलेल्या दुसऱ्या स्टुलावर टेकते. बर्फ, पेट्रोलचे भाव, कुणाचा कुत्रा हरवला. ती येते त्या दिवशी बाबा तीन खातात. माल्टचे प्रमाण वाढवले, त्याचाच हा परिणाम असावा.

२३ फेब्रुवारी, रविवार

एकशेसव्वीस! फर्नला आज सुट्टी. दीड वॉफल. माल्ट पुन्हा तपासले पाहिजे.

१ मार्च, शनिवार

मार्लिस काट्यासह अवतीर्ण. एकशेएकोणतीस!

"दादा, बूट काढायला लावलेस ना?"

"मोजेसुद्धा."

"खिसे?"

बाबांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एक दातकोरणी पडली. मार्लिसने वजन दुसऱ्यांदा घेतले, मग तिसऱ्यांदा. मग कोट काढला, बाबांशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मलाही दे." दोन खाल्ली. वृद्धनिवासाचा अर्ज तिने माझ्यादेखत फाडला. मी विजयी, विनयशील आणि पिठाने माखलेला होतो. असा दिवस आयुष्यात क्वचित उगवतो!

३ मार्च, सोमवार

बाबांनी आज टेकडीवरच्या वृद्धनिवासात स्वतः फोन करून खोली पक्की केली.

मी ओरडलो. "बाबा, वजन भरलं ना!"

"भरलं. आता मला कुणी नेत नाही, मी जातोय." कॉफी संपवली. "तिथल्या जेवणघरात लांब काउंटर आहे, फर्न म्हणाली. अकरा जण रांगेत बसतात. इथे शेजारी कोण आहे, लोवेल? तू तर शेगडीपाशी असतोस."

मी पाठ केली. साचा स्वच्छच होता.

"त्यांचा आचारी भिकार आहे म्हणे," मागून आवाज आला. "मी सांगून ठेवलंय, माझ्या ओळखीचा एक आहे. शनिवारी, साडेसहाला, साचा घेऊन."