रेडिएटरमधली हवा

मुसफ्फा, अबुधाबी
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आभा,

इकडे आम्ही सगळे मजेत. तू मजेत नाहीस हे मला माहीत आहे, कारण तुझा रेडिएटर अजून थंड आहे. आणि तो थंड आहे, कारण तू माझं ऐकत नाहीस. झाली ख्यालीखुशाली.

तू फोनवर म्हणालीस, "ओरडायचंच असेल ना शार्दूल, तर कागदावर ओरड. निदान आवाज तरी येणार नाही." आणि कट केलास. मग घे, हा कागद. आमच्या वर्कशॉपवाल्या जेरार्डअंकलची ऑड्रीआंटी उद्या तुझ्या लीड्सला, तिच्या बहिणीकडे चालली आहे, तिच्या बॅगेतून हे पत्र येईल. माझं अक्षर बघून हसू नकोस. दुबईतल्या आपल्या ऊद मेथाच्या शाळेनंतर मी हाताने मराठी लिहिलेलं नाही. शनिवारच्या मराठी वर्गात तुझी आई, आमची प्रमिलामावशी, माझे मार्क कापायची ते आठवतंय ना? "शार्दूल, शेवटचं अक्षर परत खाल्लंस? घरी जेवायला घालत नाहीत का?" सगळा वर्ग हसायचा. तू सगळ्यात जास्त.

तर मुद्दा. हे पत्र फक्त तुझ्या रेडिएटरच्या दुरुस्तीबद्दल आहे, बाकी कशाबद्दल नाही.

पाकिटात एक पितळी चावी आहे. ही बाजारात मिळते असं यूट्यूबवाला म्हणतो. मिळत असेल त्याच्या गावात. मी काल दुपारी अख्खं मुसफ्फा पालथं घातलं. इथे दुकानात जाऊन 'रेडिएटर' म्हटलं की पहिला प्रश्न, "कौनसी गाडी?" मी म्हटलं गाडी नाही, घर. एकाने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "घर में रेडिएटर? हबीबी, यहाँ?" बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी त्याला सांगतोय की एका मुलीची खोली गरम करायची आहे. त्याने शेजारच्या दुकानदाराला बोलावून मला परत तेच बोलायला लावलं, आणि मग दोघं पोट धरून हसले. तिसऱ्या दुकानात तर लँडक्रूझरच्या रेडिएटरचं झाकण माझ्या हातात ठेवलं. तेव्हा माझं डोकं सटकलं आणि मी भांडून बाहेर पडलो.

शेवटी आमच्या लेथवरच्या खैरुद्दीनभाईंनी बनवून दिली. पितळेचा तुकडा, एका टोकाला चौकोनी भोक. ते विचारत होते, "यह किस ताले की चाबी है?" मी म्हटलं, ताला नहीं, हवा निकालने की. ते म्हणाले, "किसकी हवा निकालनी है, तेरी?" इथे सगळेच विनोदी आहेत.

हे सगळं केलं, का? तर तू साधं स्क्रू पिळायचं काम करत नाहीस. मी व्हॉइस नोटमध्ये किती नीट समजावलं होतं! बाजूच्या बारक्या स्क्रूला चावी लाव, अर्धा फेरा, सुस्स आवाज येईल, हवा जाऊ दे, पाण्याचे थेंब आले की बंद. बस. शाळेतलं पोर करेल. त्यावर तुझं उत्तर काय? "खलास, शार्दूल." एवढंच. मी रात्रभर विचार करत बसलो की खलास म्हणजे काय. काम खलास, की हीटर खलास, की आपण खलास? फोन केले तर घेत नव्हतीस. घेतलास तेव्हा ते कागदाचं बोललीस.

आणि परवा माझ्या आईकडून कळतं की प्रमिलामावशी म्हणाली, "आभा डिसेंबरात येत नाही म्हणतेय. तिकीट काढूच नका म्हणाली." वा! म्हणजे मावशीला माहीत, आईला माहीत, बाबांनाही माहीत. बाबा आता माझ्याशी फोनवर सलाम-दुआ सोडून काही बोलत नाहीत, पण ही बातमी त्यांच्याकडे आहे. नाही माहीत ते फक्त मला. यायचं नसेल तर येऊ नकोस. मला काय. मी एअरपोर्टवर येण्यासाठी जेरार्डअंकलकडे सुट्टी मागून ठेवली होती, ती परत करतो.

पण रेडिएटरवरून एवढं? एका रेडिएटरवरून?

मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, रागाच्या भरात सोडलं. तू एकटीच म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, "आता काय करणार ते सांग." म्हणून मला वाटायचं, निदान मशिनच्या गोष्टीत तरी तू मला विचारशील. तिकडे तुझ्या वर्गात सगळे मास्टर्सवाले. इकडे मी एसीचे डक्ट वाकवतो. एक गोष्ट मला तुझ्यापेक्षा जास्त कळते, आणि त्यातही तू तोंड फिरवून बसलीस.

ठीक आहे. चूक कोणाची ते आपण पुराव्यानेच बघू. फोन समोर ठेवलाय. तू त्या दिवशी इंग्लिश अक्षरांत टाइप केलेलं सगळं मी इथे मराठीत उतरवून काढतो, जसंच्या तसं. मग तूच सांग.

तू: खोलीचा फ्रीज झालाय. हीटर चालत नाही.
मी: रेडिएटर म्हण. वरून थंड आहे की खालून?
तू: सगळाच थंड.
मी: बाकीच्यांचे?
तू: काव्याच्या खोलीत मस्त गरम आहे. ती पंजाबी गाणी लावून नाचतेय.
मी: नॉब कितीवर आहे?
तू: पाचवर. शार्दूल, आज दुसरं काहीतरी बोल ना.
मी: आधी प्रॉब्लेम संपव. फिरवून फिरवून बोलू नकोस. नक्की काय ते एका वाक्यात लिही.
तू: हवा आहेस.

आभा.

मधे पेन खाली ठेवलं होतं. जेरार्डअंकल दोनदा हॉर्न वाजवून गेले.

मी फोनमध्ये परत बघितलं. इंग्लिश अक्षरांत आहे ते, शेवटी एक एस आहे. मला आठवतंय, मी तो एस पाहिला होता. मला वाटलं थंडीने बोटं आखडली असतील, चुकून पडला. मी वाचलं, "हवा आहे." मी म्हटलं चला, शेवटी नीट सांगितलं बाईने, रेडिएटरमध्ये हवा आहे! आणि मी तुला ती व्हॉइस नोट पाठवली. त्यात शेवटी मी म्हणालोय, "हे आधीच सांगितलं असतंस तर एवढा वेळ वाया गेला नसता." आत्ता ऐकली. पुरी नाही ऐकवली.

शेवटचं अक्षर खाल्लं मी. तुझ्या आईला सांग, अजून खातो म्हणावं.

आणि बघ, तू हवेचं काही बोललीच नव्हतीस. 'सगळाच थंड' लिहिलं होतंस. हवा असती तर वरून थंड, खालून गरम असता. एवढं तर मला झोपेत कळतं. पण मी ते वाचलंच नाही. म्हणजे ही चावी फुकट. मी अख्ख्या मुसफ्फात भांडलो ते फुकट. तरी पाठवतोय. परत कुठे ठेवू?

आता खरं काय असेल ते लिहितो. ओरडत नाहीये. सगळ्यांचे गरम, तुझा एकटा थंड, नॉब पाचवर, म्हणजे नॉबखालची पिन रुतली असणार. नॉबच्या खाली गोल चाकी असते, ती हाताने सैल कर, नॉब सरळ ओढ. आत एक बारीक पिन दिसेल. ती दाबून सोडल्यावर आपोआप वर यायला हवी. खूप दिवस बंद राहिली की ती आतच अडकून बसते. चमच्याच्या दांड्याने हळूच दाब आणि सोड. परत दाब, परत सोड. पक्कड लावून ओढू नकोस, निघून आली तर पाणी उडेल. जोर लावायचा नाही. हे मी लिहितोय, मी! हस.

वर आली तर पाइप लगेच गरम होईल. नाही आली तर घरमालकाला परत मेल कर, आणि तोवर काव्याच्या खोलीत झोप. नाचू देत तिला.

जेरार्डअंकल आत आले. "यल्ला शार्दूल, पत्र लिहितोस की बायबल? ऑड्रीची बॅग बंद व्हायचीय." मी म्हटलं, एक ओळ. ते म्हणाले, "एका ओळीसाठी एवढे कागद?" माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. हॉर्नसुद्धा वाजवत नाहीयेत.

सुट्टी मी परत करणार नाही. वर खोटं लिहिलं. डिसेंबरात यायचं की नाही ते तू ठरव, मी एअरपोर्टवर असेन. तू नाही आलीस तर दुसऱ्याच कोणाची तरी बॅग उचलून देईन.

तू एका वाक्यात लिहिलंस, मीही एका वाक्यात लिहितो. शेवटचं अक्षर नीट बघ, ते चुकून पडलेलं नाही.

हवी आहेस.

अजून हवा असलो तर तुझाच,
शार्दूल