होय नव्हे, व्हय

सडेवाडी, ता. देवगड
१८ नोव्हेंबर २०२५

चि. इशिता हिस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आजी तुझ्यासाठी कुळीथ निवडून ठेवते आहे. पुण्यात मिळतो तो कुळीथच नव्हे, असं तिचं म्हणणं. मी फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. पत्र लिहायची लहर आली, इतकंच.

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित वाचलं. दोनदा. अगो, काय लिहिलंयस! राजानं जादूला बंदी घातलेली, आणि जादू कुठली, तर आपलं देवळातलं गाऱ्हाणं! केतकीचा बाप खोट्या आळापायी किल्ल्याच्या कोठडीत, आणि ती एवढीशी पोर भर दरबारात देवाला हाक मारून न्याय मागते. सगळे गप्प. मग मासे विकणारी एक म्हातारी साद देते, मग दुसरी, मग सगळा दरबार, आणि कोठडीचं कुलूप गळून पडतं. साद देणाऱ्यांशिवाय गाऱ्हाण्यात जीव नाही. जन्मभर देवळात गाऱ्हाणं घालून मला हे कधी सुचलं नव्हतं. फार अभिमान वाटला तुझा.

एक चूक मात्र केलीस. तुझा दरबार साद देताना 'होय महाराजा' म्हणतो. होय? ते ऐकून देवाला वाटेल, आपण तहसील कचेरीत आलो! 'व्हय म्हाराजा' कर.

तू विचारलंस, "बाबा म्हणतात केतकीच्या गाऱ्हाण्याचं प्रकरण काढ, आपल्याला गावात तोंड दाखवायचं आहे. आजोबा, काढू का?" तुझ्या बाबाची भीती अगदीच खोटी नाही. आजीनं कौतुकानं तुझी गोष्ट गावभर केली, आणि जत्रेच्या बैठकीत देवळाच्या कमिटीतला जयराम म्हणालाच, "मास्तरांनू, नातीक सांगा. गाराणा बायलमाणसान घालूचा नाय. पुस्तकात पण नाय."

मी काही बोललो नाही. सगळ्यांना वाटलं, मास्तर नमले. तुझी आजी मात्र बायकांतून उठली. "देवी बायलमाणूस चलता, मगे गाराणा घालणारी कित्याक नको?" बायका हसल्या. जयराम पानाचा डबा शोधू लागला.

आता सांगतो. मी भिऊन गप्प नव्हतो. आवाजच फुटत नाही गो. घशात गाठ आहे. मोठ्यानं बोलणं आता कायमचं बंद, असं डॉक्टर म्हणाले. फोन उचलत नाही तो त्यामुळेच. रडू नकोस. जेवतोखातो आहे. आजीशी भांडतो ते पाटीवर लिहून, आणि तरी हरतो.

जत्रेचं गाऱ्हाणं यंदा विश्वेशनं घालावं, असं गावाचं मत. तुझा चुलतभाऊ गुणी आहे, पण मोबाइलमध्ये बघून म्हणतो. मध्येच चार्जिंग संपलं तर देवीनं काय करायचं? मान आपल्या घराचा आहे, कुणी घालायचं ते घरानं ठरवावं. मी ठरवलंय. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ऐकलेलं तुला अजून पाठ आहे.

तेव्हा प्रकरण काढायचं नाही, आणि जत्रेला यायचं. तळेऱ्याला उतर, विश्वेश गाडी घेऊन येईल. तो रागावलेला नाही, "सुटलंय मी" म्हणतो. लोक साद देतील की नाही, ठाऊक नाही. जयराम तर नाहीच देणार. पण मी तुझ्यासमोर उभा असेन. एका शब्दापुरता आवाज राखून ठेवलाय.

तुझ्या गाऱ्हाण्याला पहिला 'व्हय' म्हणणारा,
आजोबा